वर ठिणगी, खाली घात

मायक्रोवेव्ह ओव्हन भंगारात निघाला की त्यातला पत्रा, काच आणि फिरती थाळी यांचे फारसे काही येत नाही. मोल येते ते तळाशी स्क्रूंनी घट्ट बसवलेल्या एका ठोकळ्याला. लोखंडी पट्ट्या एकावर एक रचून वेल्डिंगने सांधलेला, मधे तारेची वेटोळी असलेला, तीन ते सहा किलो वजनाचा हा ट्रान्सफॉर्मर. भंगारवाल्याच्या लेखी त्याची किंमत आतल्या तांब्याएवढी. विजेचे वेड लागलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या लेखी मात्र तो खजिना असतो. त्याने मोबाइलवर एक चित्रफीत पाहिलेली असते: काळोख्या खोलीत उभा केलेला तारेचा खांब, त्याच्या डोक्यावर चकाकती कडी आणि त्या कडीतून हवेत सुटणाऱ्या जांभळ्या विजा. खाली रांगेत मांडलेले असतात ते हेच दोन किंवा चार ठोकळे.

त्या विजांची ओढ वाटावी यात वावगे काही नाही. पण ज्या ठोकळ्यावर हा सगळा खेळ उभा राहतो, तो घरगुती छंदाच्या टेबलावर येताच कामा नये. हे मुलांना कुणी सांगत नाही, निदान पुरेशा मोठ्याने सांगत नाही.

विजा सोडणाऱ्या त्या खांबाला टेस्ला कॉइल म्हणतात. निकोला टेस्लाने ती 1891 मध्ये बांधली. त्या वर्षी 20 मे रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात विद्युत अभियंत्यांपुढे व्याख्यान देताना त्याने हातात धरलेल्या, कुठल्याही तारेला न जोडलेल्या काचेच्या नळ्या उजळून दाखवल्या. त्यामागचे तत्त्व झोपाळ्यावर बसलेल्या कुणालाही ठाऊक असते. झोपाळा एका दणक्यात आढ्यापर्यंत नेता येत नाही. पण तो मागे येऊन क्षणभर थांबतो तेव्हा नेमका, दर खेपेला, हलका रेटा दिला की झोका चढत जातो. टेस्ला कॉइलमध्ये एका बाजूला कपॅसिटर, ठिणगीसाठी ठेवलेली फट आणि जाड तांब्याच्या नळीचे आठ-दहा वेढे असतात. दुसऱ्या बाजूला पाइपावर गुंडाळलेले बारीक तारेचे हजारेक वेढे आणि वर धातूची कडी. कपॅसिटर भरत जातो, दाब पुरेसा झाला की फटीतली हवा फुटते, ठिणगी पडते आणि साठलेली ऊर्जा जाड वेढ्यांमध्ये सेकंदाला लाखो हेलकाव्यांच्या गतीने झुलू लागते. बारीक तारेच्या वेढ्यांची स्वतःची गती नेमकी तेवढीच असेल, तर ही ऊर्जा त्यांच्याकडे सरकते आणि वरच्या कडीवरचा दाब लाखो व्होल्टपर्यंत पोचतो. गती जुळली नाही तर ठिणगी फटीतच कडकडत राहते आणि वर काहीच घडत नाही. मग जाड नळीवरची जोडणी अर्धा वेढा पुढे, पाव वेढा मागे सरकवत बसायचे. तंबोरा लावण्यासारखेच हे काम आहे, कान आणि सबुरी दोन्ही मागणारे.

हे सगळे सामान रोजच्या बाजारातले असते, हीच त्यातली गोडी. नळकामाचा चार इंची पीव्हीसी पाइप. एसी बसवणाऱ्यांकडे उरलेली तांब्याची नळी. वरच्या कडीसाठी अॅल्युमिनियमचा घडीचा डक्ट. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात वजनावर मिळणारी इनॅमलची तार. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एक दुपार घालवली की बरेचसे हाती लागते. पाइपावर ती तार चढवणे ही तर खरी साधना आहे. हजार वेढे, प्रत्येक वेढा शेजारच्याला लागून, पण एकही दुसऱ्यावर चढलेला नाही. एखादा वेढा चढला की पुढे त्याच जागी ठिणगी तारेचे आवरण भेदते आणि सगळी मेहनत वाया जाते. वेढे झाले की वॉर्निशचे हात, एकावर एक, मधे सुकू देत. ज्याने हे काम एकदा पुरे केले त्याला कपॅसिटर, इंडक्टन्स आणि अनुनाद हे शब्द पुन्हा पाठ करावे लागत नाहीत. बारावीच्या पुस्तकातले अनुनादाचे समीकरण त्याच्या बोटांत उतरलेले असते. म्हणूनच हा छंद मोडून काढा असे कुणी म्हणू नये.

अडचण आहे ती या यंत्राला वीज पुरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरची.

जुन्या काळी हौशी मंडळी यासाठी निऑन पाट्यांचा ट्रान्सफॉर्मर वापरत. तो दाब देतो मोठा, नऊ ते पंधरा हजार व्होल्ट, पण प्रवाह देतो 30 किंवा 60 मिलिअँपिअर. त्याची घडणच अशी की टोके एकमेकांना चिकटवली तरी प्रवाह फार वाढत नाही. तोही जीव घेऊ शकतो, पण त्याच्या ताकदीला घडणीतच लगाम आहे. दुकानांच्या पाट्या एलईडीच्या झाल्या आणि निऑनचे ट्रान्सफॉर्मर दिसेनासे झाले. दरम्यान मायक्रोवेव्ह घरोघर पोचले, जुने झाले आणि भंगारात निघाले. अलीकडच्या काही ओव्हनमध्ये जड ट्रान्सफॉर्मरऐवजी इन्व्हर्टरची हलकी पाटी असते, तरी ठोकळेवाले ओव्हन अजून भरपूर आहेत. जे मिळते तेच माणूस वापरतो.

मायक्रोवेव्हमध्ये हा ठोकळा ज्याच्यासाठी बसवलेला असतो तो लहरी सोडणारा मॅग्नेट्रॉन युद्धातून आलेला. 1940 मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडल आणि बूट यांनी रडारसाठी त्याचे आजचे रूप घडवले. पुढे अमेरिकेत रेथिऑन कंपनीच्या पर्सी स्पेन्सरने त्याच लहरींवर अन्न शिजवण्याची युक्ती काढली आणि 1947 मध्ये पहिला ओव्हन बाजारात आला तो माणसाच्या उंचीचा होता. मॅग्नेट्रॉनला चालायला हजारो व्होल्टचा दाब लागतो आणि सोबत दणदणीत प्रवाहही. म्हणून घरातले 230 व्होल्ट हा ठोकळा दोन हजारांच्या घरात नेतो आणि त्या दाबावर अर्ध्या अँपिअरच्या आसपास प्रवाह सहज देतो.

अर्धा अँपिअर हा आकडा लहान वाटतो. विजेच्या धक्क्याच्या हिशेबात तो भयंकर आहे. दहा-वीस मिलिअँपिअरला हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली तार सोडवता येत नाही. छातीतून शंभर मिलिअँपिअरच्या आसपास गेले की हृदयाचे ठोके विस्कटून ते नुसते थरथरत राहू शकते. हा ठोकळा त्याच्या पाचपट प्रवाह सहज पुरवतो. घरातल्या 230 व्होल्टच्या धक्क्यात कोरडी कातडी थोडीफार आड येते आणि कित्येकदा तिच्यामुळेच माणूस वाचतो. दोन हजार व्होल्टपुढे कातडीचा अडसर उरतच नाही. ‘एकदा झटका बसला होता, काही झाले नाही’ हा घराघरातला अनुभव इथे उपयोगाचा नाही.

शिवाय हौशी रचनेत हा ठोकळा एकटा नसतो. दोन हजार व्होल्टचा शिखरदाब जेमतेम अठ्ठावीसशे. हवा फोडायला मिलिमीटरमागे सुमारे तीन हजार व्होल्ट लागतात, म्हणजे फट एका मिलिमीटरचीही ठेवता येत नाही. मग दोन ट्रान्सफॉर्मर उलटसुलट जोडून चार हजार केले जातात. काही जण चार जोडून आठ हजारांवर जातात आणि ते तेलात बुडवून ठेवतात, कारण आतल्या तारेचे आवरण इतक्या दाबासाठी केलेलेच नसते. प्रवाहाला थोडाफार आवर घालणाऱ्या लोखंडी पट्ट्या कारखान्यात दोन वेटोळ्यांच्या मधे बसवलेल्या असतात. ठिणगी लांब व्हावी म्हणून त्याही हातोडीने ठोकून काढल्या जातात. ओव्हनच्या बंद पेटीत, पंख्याच्या वाऱ्यात, दार उघडताच वीज तोडणाऱ्या स्विचांच्या पहाऱ्यात राहणारी ही वस्तू अशी उघडी होऊन फळकुटावर येते.

यातली सर्वांत घातक गैरसमजूत मेनबोर्डाविषयी आहे. घरात आरसीसीबी बसवलेली असते, 30 मिलिअँपिअरची गळती झाली की ती वीज तोडते, म्हणून सगळे निर्धास्त असतात. इथे ती गप्प राहते. ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या वेटोळ्यातून निघालेला प्रवाह माणसाच्या अंगातून जाऊन त्याच वेटोळ्याकडे परततो. पहिल्या बाजूला फेजमधून जितके गेले तितकेच न्यूट्रलमधून परत आलेले असते. आरसीसीबीच्या दृष्टीने काही बिघडलेलेच नसते. माणूस चिकटलेला असतानाही बोर्डावरची कळ वरच राहते, ही गोष्ट आपल्याकडे वायरिंगची कामे करणाऱ्यांनाही समजावून सांगावी लागते.

ओव्हनमधला कपॅसिटर हा दुसरा धोका. प्लग काढून ठेवला तरी त्यात भार शिल्लक राहू शकतो. तो उतरवण्यासाठी आत बहुधा एक रोधक बसवलेला असतो, पण रोधक निकामी झाला असेल तर तसे बाहेरून दिसत नाही. भंगाराच्या दुकानात पाना घेऊन ओव्हन उकलणाऱ्या पोऱ्याला हे कुणी सांगितलेले नसते.

आता वरच्या जांभळ्या विजांकडे वळू. लाखो व्होल्टच्या त्या ठिणगीला हात लावून दाखवणारे हौशी असतात आणि त्यांचे एक ठरलेले स्पष्टीकरण असते: इतक्या वेगाने हेलकावणारी वीज कातडीवरूनच वाहून जाते, आत शिरत नाही. तांब्याच्या तारेबाबत हे खरे आहे. माणसाच्या शरीराबाबत नाही. मांस आणि रक्त तांब्याच्या मानाने अतिशय मंद वाहक आहेत. सेकंदाला लाखभर हेलकाव्यांच्या विजेसाठी कातडीचा तो थर मोजला तर तो मीटरभराहून जाड निघतो, म्हणजे आख्खे शरीरच त्यात मावते. वीज आतूनच जाते. धक्का जाणवत नाही तो नसांना एवढ्या वेगाला साद देता येत नाही म्हणून. भाजणे मात्र चालूच असते, आणि ते आतून. वेदना होत नाही म्हणून हात तिथेच राहतो. त्याहून वाईट शक्यता वेगळीच. वरची ठिणगी कधी खालच्या जाड नळीवर उतरली, तर तापलेल्या हवेची ती रेघच तार बनते आणि ठोकळ्याचा संथ, 50 हर्ट्झचा प्रवाह तिच्यावरून चालत येऊ शकतो. वरच्या तमाशाला घाबरून माणूस लांब उभा राहतो. खालचा ठोकळा नुसता घुमत असतो, म्हणून त्याच्या जवळ वाकतो.

याच ठोकळ्याने परदेशात काय केले ते पाहण्यासारखे आहे. लाकडावर खाऱ्या पाण्याचा हात फिरवायचा, दोन खिळे ठोकायचे, त्यांना मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरची टोके लावायची. लाकूड जळत जाऊन त्यावर झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी उमटते. 1777 मध्ये जर्मनीत गटिंगनच्या गेऑर्ग लिख्टेनबर्गने अशा आकृत्या राळेच्या भुकटीत प्रथम पाहिल्या, त्यावरून त्यांना त्याचे नाव मिळाले. समाजमाध्यमांमुळे ही नक्षी लोकप्रिय झाली आणि माणसे मरू लागली. लाकूड कातणाऱ्यांच्या अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स या संघटनेने 2017 मध्ये आपल्या कार्यक्रमांत या प्रकाराला बंदी घातली. संघटनेच्या नोंदीत या नक्षीपायी तीसहून अधिक मृत्यू आहेत. मेलेल्यांत नवशिके होते, तसे वर्षानुवर्षे हाताने काम केलेले कारागीरही होते. 2022 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अन्नतज्ज्ञ अॅन रिअर्डन यांनी यूट्यूबवर याविषयी सावध करणारी चित्रफीत टाकली, तर धोकादायक कृती दाखवल्याचे कारण देऊन ती काढून टाकण्यात आली. आरडाओरडा झाल्यावर ती परत आली. शिकवणाऱ्या चित्रफिती तोवर चालूच होत्या.

लाकडावरची नक्षी आणि टेस्ला कॉइल यांच्यात फरक आहे, असे कॉइलवाले म्हणतील. कॉइल बांधणारा थोडे गणित करतो, थोडे वाचतो, घाईने खिळे ठोकत नाही. ते बरोबर आहे. पण दोन्हीकडे टेबलावर मांडलेली वस्तू तीच आहे, आणि एका चुकीनंतर दुसरी चूक करायची संधी ती देत नाही. भारतात विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे जातात. त्यातली बहुतेक शेतातल्या तारा, पंप, ओल्या भिंती आणि उघडे जोड यांच्यापायी. हौसेपायी त्या आकड्यात एकाचीही भर पडता कामा नये.

आपल्याकडच्या घरांची रचनाही या प्रयोगाला साजेशी नाही. मोठ्या कॉइलला घराच्या अर्थिंगपासून वेगळी, जमिनीत खोल ठोकलेली स्वतःची सळई लागते. चौथ्या मजल्यावरच्या सदनिकेत ती कुठून आणणार? मग कॉइल इमारतीच्या सामाईक अर्थिंगलाच जोडली जाते आणि तिचे हेलकावे शेजाऱ्यांच्या टीव्ही-फ्रिजपर्यंत जातात. कुणाच्या छातीत पेसमेकर असेल, कुणाच्या कानात श्रवणयंत्र असेल. बंद खोलीत ठिणगी चालली की ओझोन साचतो तो निराळाच.

टेस्लाचे एक छायाचित्र जगभर फिरले आहे. कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या प्रयोगशाळेत, 1899 च्या शेवटी, तो खुर्चीवर शांत बसला आहे आणि डोक्यावर कित्येक मीटर लांबीच्या विजा कोसळत आहेत. विजेचा नाद लागलेल्या मुलाच्या भिंतीवर हे छायाचित्र हमखास असते. ते एकाच काचेवर दोनदा घेतलेले आहे. विजा चालू असताना खुर्ची रिकामी होती. यंत्र बंद करून टेस्ला येऊन बसला आणि दुसऱ्यांदा छायाचित्र घेतले गेले. त्याने स्वतःच्या टिपणांत हे लिहून ठेवले आहे. ज्याच्या नावाने हे यंत्र ओळखले जाते तो माणूसही त्या विजांखाली बसला नव्हता, हे त्या छायाचित्राखाली छापायला हवे.

मग मुलांनी करायचे काय? नुसती बंदी घालून भागणार नाही. चित्रफिती थांबणार नाहीत आणि भंगारही संपणार नाही. मात्र या कॉइलचे शास्त्र शिकायला दोन हजार व्होल्ट लागत नाहीत. एक ट्रान्झिस्टर, एक रोधक, नऊ ते बारा व्होल्टची बॅटरी आणि पाइपाच्या तुकड्यावर इनॅमल तारेचे काहीशे वेढे एवढ्यावर छोटी कॉइल चालते. तिच्याजवळ जुना सीएफएल धरला की तो तारेविना उजळतो, कोलंबिया कॉलेजात उजळले होते तसाच. ठिणगीने बोटाला चिमटा बसेल, किंचित भाजेल, त्यापलीकडे काही नाही. पुण्याच्या आयुका संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी वर्षानुवर्षे मुलांना एक सेल, एक चुंबक आणि याच इनॅमल तारेतून फिरणारी मोटार करायला शिकवले. टाकाऊतून शिकण्याची ती वाट आपल्याकडे आधीच आहे. 2016 पासून सुरू झालेल्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळा देशातल्या दहा हजार शाळांत पोचल्या आहेत. तिथे छोटी कॉइल हा सहावी ते बारावीच्या मुलांसाठी उत्तम प्रयोग ठरेल.

मायक्रोवेव्हच्या ठोकळ्याचाही चांगला उपयोग आहे. दाब वाढवणारे बारीक तारेचे वेटोळे कापून काढायचे आणि त्या जागी जाड केबलचे एक-दोन वेढे घालायचे. मग तो एक-दोन व्होल्टवर शेकडो अँपिअर देतो आणि पत्र्याला पत्रा चिकटवणारे स्पॉट वेल्डर तयार होते. पहिल्या बाजूला 230 व्होल्ट राहतातच, म्हणून तेही जाणत्याच्या नजरेखालीच करावे. पण सर्वांत जीवघेणा भाग कापून फेकलेला असतो.

आणि कुणाला मोठीच कॉइल हवी असेल, हातभर लांब विजा पाहायच्याच असतील, तर त्याला जागा मिळाली पाहिजे. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ वेधशाळेत 1930 च्या दशकापासून टेस्ला कॉइल लोकांना दाखवली जाते. तिथे येणारी पोरे विजा बघतात, थक्क होतात आणि घरी जातात. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत उच्च दाबाचा विषय शिकवला जातो. अनेक ठिकाणी त्यासाठी जाळी घातलेली, अर्थिंग केलेली, कळ बाहेर ठेवलेली प्रयोगशाळाही असते. तिचे दार महिन्यातून एका शनिवारी गावातल्या मुलांना उघडले आणि शेजारी एक प्राध्यापक उभा राहिला, तर खोलीचे दार लावून एकट्याने ठोकळे जोडत बसण्याची पाळी कुणावर येणार नाही. विद्युत विभागाच्या प्रमुखांनी हे मनावर घ्यावे. मराठीतून असल्या चित्रफिती करणाऱ्यांनीही ठोकळ्याच्या प्रवाहाचा आकडा आणि आरसीसीबीची मर्यादा पहिल्याच मिनिटाला सांगावी.

घरात मुलाने टेस्ला कॉइलचा विषय काढला तर त्याला गप्प बसवू नका. पीव्हीसी पाइपाचा हातभर तुकडा आणि पाव किलो इनॅमल तार आणून द्या, शेजारी बसून पहिले शंभर वेढे त्याच्याबरोबर मोजा. आणि माळ्यावर जुना मायक्रोवेव्ह पडून असेल, तर तो न उघडता, अख्खाच, ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात देऊन या.